पहिल्या पाटावर कोण

शिवदास घरतचं म्हणणं फार मोठं नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की अल्बममध्ये ढोलकी जरा वाढवावी.

आता ढोलकी वाढवा म्हणणारा माणूस काही गुन्हेगार नसतो. शिवदास तर मुळीच नव्हता. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर गोदामाच्या गेटवर तो येणाऱ्याजाणाऱ्याला पास लिहून द्यायचा आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःचा पहिला अल्बम काढायला निघाला होता. करंजखार गावात त्याला शाहीर म्हणत, पण तोंडावर. मागे 'मिठागर' म्हणत, कारण त्याची झाडून सगळी गाणी मिठागरावर होती. मिठागरावरची पहाट, मिठागरातली आई, मिठागरावरचा बगळा. बगळ्यावर तर दोन होती. त्याच्या आजोबांनी, धर्माजी घरतांनी, ज्या जागेवर जन्मभर मीठ पिकवलं त्याच जागेवर आता हे गोदाम उभं होतं, आणि नातू जेवणाच्या सुट्टीत तिथेच डबा उघडून मिठावर गाणी रचत असे. सव्वीस जानेवारी, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाची तरी निवृत्ती, अशा ठिकाणी तो ती गायचा. लोक शांतपणे ऐकायचे, म्हणजे उठून जायचे नाहीत.

अल्बममध्ये आठ गाणी त्याची होती. नववं मात्र त्याचं नव्हतं. ते जनी आत्याचं होतं.

जनी आत्या धवलारीण. आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. ती पाटासमोर बसून धवला गाते, आणि तो झाल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. धवल्याचे दोन भाग. पहिलं बोलावणं, दुसरं बसवणं. बोलावण्यात वेशीच्या देवाला, समुद्राला, खारीच्या म्हणजे खाऱ्या जमिनीच्या आईला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावानं हाका घालतात. चाल अशी झणझणीत की बाया टाळ्या धरतात आणि पुरुषही उभे राहून माना हलवतात. मग बसवणं. आलेल्या प्रत्येकाला त्याच्या मानाचा पाट द्यायचा. कोण आधी, कोण नंतर, कोण कुणाच्या शेजारी चालत नाही, सगळं त्यात असतं. हा भाग लांब असतो, संथ असतो, आणि तो सुरू झाला की गावातले सगळे पुरुष उठतात. उठून मंडपामागे जातात. तिथे वडे असतात, सुकट असते आणि सुकटीला शोभेल असं काहीतरी प्यायला असतं. यात कुणाचा अनादर नाही. बापजाद्यांपासून हे असंच चालत आलंय, आणि करंजखारच्या एकाही पुरुषानं आजवर बसवणं पुरतं ऐकलेलं नाही.

आत्याला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. तिची जोडीदारीण राही दोन वर्षांपूर्वी गेली. नवीन पोरींपैकी कुणी धवला शिकली नाही. आत्याबरोबर तो जाऊ नये, असं शिवदासला अगदी आतून वाटत होतं. हे इथंच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरंच वाईट बोलायचं आहे.

तर गणपती उरकल्यावर एका रविवारी तो आत्याला घेऊन पनवेलला प्रज्योतच्या स्टुडिओत गेला. स्टुडिओ टायरच्या दुकानावर. प्रज्योत शेजारच्याच गावचा, अठ्ठावीस वर्षांचा, हळदीच्या गाण्यांवर नाव काढलेला, आणि खोलीतही काळा चष्मा लावून बसणारा. शिवदासची आठ गाणी त्यानं आधीच ऐकली होती.

"काका, गाणी भारी आहेत," तो म्हणाला होता. "फक्त लोकांनी ऐकायला पाहिजे असतील तर जरा मेनस्ट्रीम करावं लागेल."

यावर शिवदासनं बराच विचार करून ढोलकी सुचवली होती. तीही आपल्याच लोकांची म्हणून.

आत्यानं माइककडे पाहिलं, पिशवीतून पाट काढला, तांदूळ काढले, हळद काढली, नारळ काढला आणि विचारलं, "लग्न कोनाचं हाय?"

"लग्न न्हाय आत्ये. रेकॉर्डिंग हाय."

"नवरा न्हाय, नवरी न्हाय, आन मी देव बोलवू? ते येतील आन मना इचारतील, जने, मांडव कुठं हाय? काय सांगू? टायरच्या दुकानावं या म्हनू?"

प्रज्योतनं मोठ्या मनानं नवरा म्हणून स्वतःचं नाव सुचवलं. नवरीची जागा सध्या ब्लँक ठेवा, नंतर टाकू, असंही म्हणाला. आत्यानं त्याच्या चष्म्याकडे असं काही पाहिलं की त्यानं तो काढलाच. शेवटी शिवदासला स्वतःची लेक आठवली. तो म्हणाला, "आपले प्रणालीच्या नावानं बोलव. वैशाखान लग्नच हाय तिचं."

आत्यानं हातातला नारळ खाली ठेवला. "बघ शिवदासा. पोरीच्या नावानं हाक मारली का ते येनार. मंग बसवनं बी घ्यावं लागंल, पुरं. बोलवून उभं ठेवलं, तर पोरीच्या दारान उभं ऱ्हातील जल्मभर. न्हायतर पाट पालथं घालावं लागतील."

पाट पालथा घालणं म्हणजे, बाबांनो, जागा नाही, आल्या वाटेनं परत जा. हे आत्यानं आयुष्यात एकदाच केलं होतं, भर मंडपात एक लग्न मोडलं तेव्हा. त्या घरात पुढे कसं कसं झालं ते ती सांगत नसे, आणि म्हणूनच सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुरं घेतो आत्ये," शिवदास म्हणाला. "वचन."

मग आत्या गायली. "ये गो ये, खारीचे आये, मांडवान तुजी वाट पाह्यली..." टायरचं दुकान, वरचा पंखा, भिंतीवरचा काळा स्पंज, सगळं विसरायला होईल असा आवाज. धर्माजी आजोबांना तिनं हाक मारली तेव्हा शिवदास मांडी सावरून ताठ बसला. अकरा मिनिटं बोलावणं चाललं. मग आत्यानं दम घेतला, चाल उतरवली आणि बसवणं धरलं: "पयले पाटावं कोन बसं गो, कोन बसं?"

आणि शिवदास उठला.

तो काही ठरवून उठला नाही. त्याचे पाय उठले. प्रज्योतचेही उठले, कारण चष्मा लावला तरी रक्त आगऱ्याचंच. उठता उठता प्रज्योतनं, गाणं संपल्यावर बोट जिथे जातं तिथे बोट दाबलं. दोघंही जिना उतरून खाली गेले, वडापाव खाल्ला, चहा घेतला, आत्याचा आवाज या वयातही कसा खणखणीत आहे यावर एकमत केलं, आणि पाऊण तासानं वर आले. आत्या पदरानं तोंड पुसत होती. मशिनवरचा लाल दिवा बंद होता.

"घेतलास सगला?" आत्यानं विचारलं.

शिवदासनं प्रज्योतकडे पाहिलं. प्रज्योतनं टायरच्या दुकानाच्या दिशेनं पाहिलं.

"व्हय आत्ये," शिवदास म्हणाला. "सगला घेतला."

दमलेल्या म्हातारीला परत गा म्हणणं त्याच्या जिवावर आलं, आणि आपण वडापाव खात होतो हे सांगणं त्याहून जिवावर आलं. पंधरा दिवसांत पुन्हा आणू, काहीतरी निमित्त काढू, असं त्यानं ठरवलं. त्याला खरंच तसं वाटत होतं. माणसाला पंधरा दिवसांचा मोठा आधार असतो.

पण पंधरा दिवसांत अल्बम मेनस्ट्रीम व्हायला लागला.

आधी ढोलकी वाढली. ढोलकी एकटी बरी दिसेना म्हणून बेंजो आला. बेंजो आल्यावर मिठागरातल्या पहाटेचा वेग वाढवावा लागला, आणि ती पहाट इतकी वेगात झाली की दुपार वाटायला लागली. शेजारचा काळूराम, ज्याचे तीन ट्रेलर बंदरात चालतात आणि म्हणून ज्याला संगीत कळतं, तो ओट्यावर येऊन ऐकून गेला.

"दादूस, खरं बोलू?" तो म्हणाला. "बगळा काढ. बगल्यावं कोन नाचंल?"

बगळे गेले. दोन्ही. मग मिठागरातली आई गेली, कारण प्रज्योतच्या मते तिच्यामुळे मूड डाऊन होत होता. एकेक करून आठही गाणी "आधी एक हिट येऊ दे, मग बघू" या खात्यात गेली, आणि अल्बममध्ये उरला एकटा धवला.

तोही अकरा मिनिटांचा. "अकरा मिनिटांत, काका, माणूस जेवण मागवतो, खातो आणि शिव्याही घालतो," प्रज्योत म्हणाला. म्हणून काटछाट करायला दोघं बसले. कुठला देव ठेवायचा आणि कुठला वगळायचा, यावर टायरच्या दुकानावर चर्चा झाली. वेशीचा देव गेला, त्याच्या नावावर ठेका पडत नव्हता. समुद्र गेला, त्याची ओळ फार लांब होती. धर्माजी आजोबांपाशी शिवदास अडून बसला. चांगला अर्धा तास अडला.

"काका, मेलेल्या माणसाला बोलवायचं, लोकांना क्रीपी वाटतं," प्रज्योत म्हणाला.

"माजा आजा हाय तो."

"तुमचा आहे म्हणूनच सांगतोय. रिस्पेक्टनं काढू."

आजोबांना रिस्पेक्टनं काढलं. शेवटी खारीची आईही गेली आणि उरलं फक्त "ये गो ये". अकरा सेकंद. कुणी यायचं ते त्यात राहिलं नव्हतं. शिवदासच्या हे लक्षात आलं होतं. पण खाली सबवूफर असा काही घुमत होता की त्याला वाटलं, असू दे, बसवणं आणि पुरतं बोलावणं आपण वेगळं काढू, अभ्यासकांसाठी. 'अभ्यासकांसाठी' हा शब्द मनात आल्यावर त्याला फार बरं वाटलं.

मग फॉर्म आला. गाणं नेटवर चढवायचं तर कवी कोण हे लिहावं लागतं. शिवदासनं प्रामाणिकपणे 'पारंपरिक' लिहिलं. त्यावर कंपनीची मेल आली की, हे गाणं कुणाचंही नाही याचा दाखला जोडा. शिवदास ग्रामपंचायतीत गेला. ग्रामसेवकाकडे रहिवासी दाखला होता, हयातीचा होता, थकबाकी नसल्याचा होता. कुणाचंही नसल्याचा नव्हता. तीन खेपा घातल्यावर, चहा पाजल्यावर आणि गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवल्यावर ग्रामसेवकानं स्वतःच्या अकलेनं एक मसुदा केला: "दाखला देण्यात येतो की, सदर गाणे हे मौजे करंजखार हद्दीत पिढ्यानपिढ्या वास्तव्यास असून त्याची वर्तणूक चांगली आहे. त्यास कोणी वारस नाही." वर गोल शिक्का.

कंपनीला तो पसंत पडला. वारस नाही म्हटल्यावर प्रज्योतनं संगीत आणि शब्द या दोन्ही रकान्यांत स्वतःचं नाव टाकलं. रिकामा रकाना मशिन घेत नाही, असं त्याचं म्हणणं. शिवदासला त्यानं 'मूळ संकल्पना' दिली. आत्याचं नाव कुठेच बसलं नाही, कारण तिचं आधार कार्ड मोबाइलला जोडलेलं नव्हतं.

"तुमची आत्या गायली, आन तिचंच नाव न्हाय?" शिवदासची बायको हेमांगी म्हणाली.

"तांत्रिक अडचण हाय," शिवदास म्हणाला.

"तुमचा अल्बम हाय, आन तुमचं बी गानं न्हाय. ही बी तांत्रिकच काय?"

यावर शिवदास जेवणावरून उठला. असा अपमान झाला की तो उठायचा, फक्त हेमांगी पानात मासा वाढून मग बोलायची, म्हणून थोडा थांबून उठायचा.

राहिला व्हिडिओ. व्हिडिओ तरी मिठागरात, आपल्या आजोबांच्या जागेवर करायचा, असं शिवदासनं निक्षून सांगितलं. ती जागा गोदामाच्या आवारात. आत जायला पास लागतो. पास देणारा शिवदास. म्हणून त्यानं स्वतःच्या नावे अर्ज केला, स्वतःच स्वीकारला, आणि वीस वर्षांच्या सवयीनं त्यावर दोन त्रुटी काढल्या: नाचणाऱ्यांची हेल्मेटं नाहीत आणि भेटीचं कारण 'भावनिक' असं लिहिलंय. त्रुटी दूर करून अर्ज वर गेला. साहेबांनी एका ओळीत नाकारला आणि, गेटवरच्या क्लार्कनं असे अर्ज वर पाठवू नयेत, अशी ताकीद क्लार्कला दिली. ती ताकीद पोच घेऊन फाइलला लावण्याचं कामही शिवदासचंच होतं.

मग सगळं बिऱ्हाड काशीदला गेलं. समुद्र होता, नाचायला बारा जण होते, मीठ नव्हतं. काळूरामनं ट्रेलरमधून वीस गोणी आणून दिल्या. गोणीवर गुजरातचा पत्ता. शिवदासनं स्वतःच्या हातांनी, मिठागराच्या पोरानं, गुजरातच्या मिठाचा ढीग काशीदच्या वाळूवर रचला. तासाभरात मक्याचं कणीस विकणारा त्यातलं टोपलीभर घेऊन गेला. पुण्याच्या एका कुटुंबानं कैरीसाठी थोडं मागितलं. घोडेवाल्याचा घोडा ढीग चाटायला लागला तो हटेचना, आणि पुढे तोच व्हिडिओत सगळ्यात जास्त वेळ दिसला. दुपारी भरती आली आणि उरलेलं समुद्रानं परत नेलं. शिवदास गुडघाभर पाण्यात उभा राहून ते विरघळताना बघत होता. "काका, फ्रेममधून बाजूला व्हा," मागून आवाज आला, आणि तो झाला.

मार्गशीर्षात गाणं आलं आणि धो धो चाललं. उरणपासून मुरुडपर्यंत हळद म्हटली की "ये गो ये". शिवदासलाही बोलावणी यायला लागली. मोठ्या मानानं गाडी पाठवत, गेटवर हार घालत, आणि मग स्टेजच्या कडेला उभं करत. तिथे तो तीन तास उभा राहायचा. मध्ये एकदा माइक हातात यायचा, तो "ये गो ये" म्हणायचा, लोक शिट्ट्या मारायचे, माइक परत जायचा. खुर्ची कुणाच्या लक्षात राहायची नाही. एकदा त्यानं धीर करून बगळ्याचं गाणं सुरू केलं तर साऊंडवाल्याला वाटलं की माइक बिघडला, आणि त्यानं तो बदलून दिला.

या सगळ्यात आत्याला पुन्हा पनवेलला न्यायचं राहून गेलं. या रविवारी शूटिंग, त्या रविवारी कार्यक्रम. रस्त्यानं जाणाऱ्या टेम्पोतून स्वतःचा आवाज आला की आत्या हातातलं काम थांबवायची, आणि टेम्पो लांब जाईपर्यंत कान देऊन उभी राहायची.

"सुरुवातच लावतान रं सगलीकडं," ती एकदा म्हणाली. "बसवलेलं मशिनीन हाय ना?"

"हाय आत्ये."

"मंग ठीक. प्रणालीच्या लग्नान मना गावाला न्हाय जमलं, तर मशीन बसवंल."

माघात आत्याला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. पनवेलच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसलेल्या शिवदासच्या मनात पहिला विचार आत्याचा आला नाही. बसवणं राहिलं, हा आला. त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर कुणाची तरी वरात चालली होती, आणि अर्थातच तेच गाणं होतं.

तो प्रज्योतकडे धावला. प्रज्योतनं सगळ्या डिस्क धुंडाळल्या, हे कबूल केलं पाहिजे. "नाहीये काका. पण तुम्हाला येतच असेल ना? तुमच्याच घरचं आहे."

शिवदासनं आठवून पाहिलं. पन्नास वर्षांत हजार लग्नं. बोलावणं शब्दन् शब्द पाठ. बसवण्याची पहिली ओळ पाठ, कारण ती उठता उठता कानावर पडते. पुढे वड्यांची चव आठवत होती. गावातल्या एकूण एक म्हाताऱ्याला तो विचारून आला. सगळ्यांना पहिली ओळ येत होती, आणि वड्यांविषयी तर प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. बायांना अधलंमधलं येत होतं. पण पहिला पाट समुद्राचा की वेशीच्या देवाचा यावरून दोन घरांत अशी जुंपली की त्यांचं अजून येणंजाणं नाही. मान चुकला तर न बसवण्याहून वाईट, एवढंच त्यांचं एक मत झालं.

"टेन्शन कनाला घेतंस?" काळूराम म्हणाला. "मोठा सोफा ठेव. सगल्यांना एकदम बसव."

वैशाखात लग्न आलं. मंडपात पाच पाट मांडले, प्रत्येकावर तांदळाची मूठ. आत्याला खुर्चीसकट आणून पाटांसमोर बसवलं. तिला नवं हिरवं लुगडं नेसवलं होतं. धवला कोण म्हणणार, असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा काळूराम छाती पुढे काढून म्हणाला, "म्हनाला कशाला पायजे? यांच्याच घरातलं गानं सगला रायगड वाजवतंय." आणि डीजेवाल्या सदाला त्यानं हात केला.

"ये गो ये!" मंडप हादरला. आवाज आत्याचाच होता, तीस वर्षांनी तरुण केलेला. पोरी नाचायला लागल्या. आत्याच्या तोंडाचा डावा अर्धा भाग हसला. दर "ये गो ये" झालं की ती डावा हात उचलून पहिल्या पाटाला लावायची, म्हणजे आता बसवा. पण पुन्हा "ये गो ये" यायचं, आणि ती हात मागे घ्यायची. असं कितीदा झालं कोण जाणे.

गाणं संपलं. मंडपात शांतता झाली, आणि त्या शांततेत खुर्च्या सरकल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. बोलावणं झालं होतं, म्हणून गावातले सगळे पुरुष उठले. काळूराम उठला, व्याही उठले, ग्रामसेवक उठला, प्रज्योत उठला, आणि रांगेनं मंडपामागे गेले. शिवदासही दोन पावलं गेला होता. तेवढ्यात त्याचं मनगट कुणीतरी धरलं.

आत्यानं डाव्या हातानं धरलं होतं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती. ती समोरच्या स्पीकरच्या खोक्याकडे बघत होती आणि वाट पाहत होती. शिवदासनं सगळं मशिनीत ठेवलंय, असं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं होतं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर शिवदासला ते सोपं गेलं असतं.

"सदा," तो म्हणाला, "पुढचं लाव."

"पुढचं कंचं काका? येवढंच हाय. परत मारू?"

शिवदासनं माइक घेतला. गळा त्याचा चांगला होता, हे कुणी कधी त्याला सांगितलं नव्हतं तरी. "पयले पाटावं कोन बसं गो," तो गायला, "कोन बसं?"

आत्याचे डोळे चमकले. तिचे ओठ हलले. ती सांगत होती! कोण बसतं ते ती सांगत होती. शिवदास गुडघ्यावर बसला आणि त्यानं कान तिच्या तोंडाशी नेला. नुसता श्वास होता, गरम. त्यानं ओळ पुन्हा म्हटली, म्हणजे ती पुन्हा सांगेल. पुन्हा श्वासच आला. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा सदाला ठेका सापडला. त्यानं खालून बीट दिला आणि मंडपामागून शिट्टी आली. गावाच्या इतिहासात पहिल्यांदाच बसवणं चालू असताना पुरुष परत मंडपात आले, हातात वडे, हातात ग्लास, आणि "कोन बसं! कोन बसं!" करत नाचायला लागले.

"काका, हाच!" प्रज्योत मोबाइल वर धरून ओरडला. "हाच पुढचा हुक! अजून एकदा घ्या!"

आत्यानं मनगट सोडलं.

ती खुर्चीतून पुढे वाकली आणि डाव्या हातानं तिनं पहिला पाट पालथा घातला. तांदूळ सांडले. मग दुसरा घातला, तिसरा घातला. चौथ्याला तिला दम लागला, पण तोही घातला. भोवती पाय नाचत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. पाचवा पाट लांब होता, तिचा हात पोचेना. तिनं शिवदासकडे पाहिलं आणि बघत राहिली. शेवटी तो शिवदासनंच पालथा घातला.

मुंडावळ्यांतून प्रणालीला सगळं नीट दिसत नव्हतं. तिनं बापाची बाही ओढली. "बाबा, आत्याआजीनं बसवलं ना सगळ्यांना?"

"व्हय बाय," शिवदास म्हणाला. "सगला झाला."